थोडक्यात वाचलेल्यांचा फळा

"सभा कशी घ्यायची हे अख्ख्या अकोल्यात एकाच मानसाले कळते, अन् तो मानूस आता तुया समोर जेवून राहिला!"

सूर्यभानजी असं म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता, त्यामुळे वाक्याचा रुबाब थोडा कमी पडला. त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, तव्यावरची भाकर उलटवली.

"घरातल्या चौघांले एका टायमाले जेवाले बसवनं होत नाही तुमच्यानं," त्या म्हणाल्या, "अन् जिनातल्या दीडशे लोकांले बसवता!"

सूर्यभानजींनी पुढचा घास मोडला. नागपूरहून तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आलेला माणूस चुलीपुढच्या टीकेला उत्तर देत नसतो. त्यांच्या पिशवीत जाड कागदाचं एक सर्टिफिकेट होतं, छापील फॉर्मांची चवड होती आणि एक वही होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'सुरक्षा सभा प्रभावीपणे कशी चालवावी.' पुढची तीन पानं कोरी होती, कारण नेमकी त्या वेळी जेवणाची सुट्टी झाली होती.

पण प्रश्न नुसत्या रुबाबाचा नव्हता. सूर्यभानजी कापसाच्या त्या जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे जिनात, सुपरवायझर होते खरे, पण हंगामी. आजवर त्यांची सारी नोकरी बाहेर अंगणात कापसाच्या गाड्या उतरवून घेण्यात गेली होती. आत, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांवर, ते या एकसष्ट सालच्या हंगामातच आले होते. होळीला कापूस संपला की जिन बंद आणि सूर्यभानजी पातूरच्या बसमध्ये! तिथे थोरल्या भावाच्या शेतात राबायचं आणि वहिनीच्या हातची भाकर टोमण्यांबरोबर खायची, ती थेट दिवाळीपर्यंत. मॅनेजर वामनरावांनी मात्र यंदा शब्द दिला होता.

"वरून पत्र आलं आहे," वामनराव म्हणाले होते. "सुरक्षा सभा घ्याच म्हणतात. संक्रांतीच्या आत इन्स्पेक्टर येतील. ते खूश झाले तर तुमाले बारमाही करतो. नाही झाले, तर पातूर आहेच!"

पहिली सभा शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत झाली. सूर्यभानजी पाऊण तास बोलले. सैल कपडा घालू नका, चालत्या पट्ट्याजवळ वाकू नका, कापसापाशी बिडी ओढू नका. रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बाया एकमेकींच्या केसांतली रुई वेचत बसल्या. बुधाजी हमाल कापसाच्या गाठीला टेकून असा घोरायला लागला की लोकांना वाटलं इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि चारजणी उठून कामालाही गेल्या! शेवटी सूर्यभानजींनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

मागून आवाज आला, "झालं का जी?"

त्या रात्री त्यांनी वही पुन्हा उघडली. पाचव्या पानावर एक वाक्य सापडलं : 'कामगारांना बोलते करावे. अपघात होता होता टळला असल्यास तो सांगणाऱ्याचे सर्वांसमक्ष कौतुक करावे.' सूर्यभानजींनी मांडीवर थाप मारली. कौतुक! आता वऱ्हाडात कौतुक करायचं म्हणजे काय करायचं, हे काही नागपूरला जाऊन शिकावं लागत नाही. गळ्यात हार, हातात नारळ, आणि चार लोकांत नाव!

हार आणि नारळ बाजारात मिळाले. नाव लिहायला फळा हवा होता.

"फळा?" वामनराव म्हणाले. "जिन चालवून राहिले का शाळा?"

सूर्यभानजी हिरमुसले नाहीत. इंजिनघराच्या मागच्या भिंतीला त्यांना पत्र्याचा एक मोठा तुकडा टेकवून ठेवलेला दिसला. चांगला जाड, कडा दुमडलेल्या, आणि वरच्या दोन कोपऱ्यांना कड्यासुद्धा! देवानंच जणू टांगण्याची सोय करून दिली होती. कोणाचा म्हणून विचारावं, तर फिटर पंजाबराव साळ्याच्या लग्नाला मोर्शीला गेलेला, आणि मोर्शीचं लग्न म्हटल्यावर संत्री खाऊन संपेपर्यंत तो येत नाही हे सर्वांना ठाऊक. सूर्यभानजींनी पत्रा घरी नेला, स्वतः काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरात लिहिलं : 'थोडक्यात वाचलेले.' फळा त्यांच्या टेबलामागे असा शोभला, की पहिल्या दिवशी ते त्याच्याकडेच तोंड करून बोलत होते.

दुसऱ्या सभेत यंत्रांना तेल घालणारा पुंजाजी उठला. "साहेब, मंगळवारी शिडीवून पाय निसटला माया. वरच्या दांड्याले लोंबकळलो म्हनून वाचलो, नाही तं आज तुमी मायाच नावानं सभा घेतली असती!"

घटना खरी होती. सूर्यभानजींनी पुंजाजीच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला, फळ्यावर नाव लिहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुंजाजीच्या बावन्न वर्षांत त्याच्या गळ्यात हार पडण्याची ही दुसरी वेळ होती, आणि पहिल्या वेळी, म्हणजे लग्नात, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तो दिवसभर हार घालूनच तेल घालत हिंडला.

बस, ठिणगी पडली!

तिसऱ्या सभेला कोणी झोपलं नाही. बोलायला नऊ हात वर झाले. सुंदराबाईच्या लुगड्याचा पदर रेच्यात जाता जाता राहिला होता. पुंजाजी पुन्हा थोडक्यात वाचला होता. या वेळी कापसाची अख्खी गाठ वरून पडली आणि कानाला वारा लावून गेली. चौथ्या सभेला सतरा हात! बुधाजीच्या सायकलला तारफैलच्या वस्तीत म्हशीनं धडक दिली होती.

"पन ते रस्त्यावर झालं," सूर्यभानजी म्हणाले. "जिनात कुठी झालं?"

"मी जिनाचाच इचार करून राह्यलो होतो जी!"

हे सूर्यभानजींना पटलं. बुधाजीनं नारळ मात्र घेतला नाही. "दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी नारळ-बिरळ फोडत नाही," तो म्हणाला. "पोरगी तिसरीत आहे. तिले एक वही द्या." दुसऱ्या दिवसापासून फळ्याखाली ओळ आली : 'नारळ अथवा वही.' आणि त्या ओळीनं आणखी दहाजण वाचले!

भागीरथाबाईनं तर कमालच केली. "सपनात वरचा शाफ्ट पडला मायावर, साहेब! थोडक्यात जाग आली!"

सभेत वाद झाला. स्वप्नातला अपघात धरावा की न धरावा? शेवटी अर्धा नारळ देऊन मिटवलं.

या सगळ्या वाचलेल्यांच्या गर्दीत एक बाई मात्र दर शनिवारी उठायची आणि तशीच रिकाम्या हातानं खाली बसायची. दुर्गाबाई. सात नंबरच्या रेच्यावर तिला अठरा वर्षं झाली होती. बोलणं कमी, आवाज खणखणीत.

"साहेब, सात नंबरच्या पट्ट्यावरचं झाकन गेलं."

"अपघात झाला?" सूर्यभानजींनी लेखणी उचलली.

"नाही."

"होता होता वाचला?"

"नाही जी. पन व्हईन."

सूर्यभानजींनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "झाला याचा रकाना आहे. वाचला याचाबी आहे. व्हईन याचा रकानाच नाही, दुर्गाबाई! फॉर्मात बसत नाही ते. फिटर आला की पाहू."

दुर्गाबाईनं हात वर केला आणि सूर्यभानजींच्या डोक्यावरून मागच्या फळ्याकडे बोट दाखवलं. सूर्यभानजी समजुतीनं हसले. एवढी जुनी बाई, पण नावाचा मोह कोणाला सुटला आहे!

"लागेल, तुमचंबी नाव लागेल," ते म्हणाले. "घाई करू नका. आधी काही घडू तं द्या!"

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. दुर्गाबाई उठायची, झाकण म्हणायची, फळ्याकडे बोट दाखवायची. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. सूर्यभानजींना तिची दयाही यायला लागली होती. एकदा तर त्यांनी तिला हळूच सुचवलं, की निदान लहानसं काही, ठेचबीच, लागली असेल तर आठवून पाहा. दुर्गाबाई पदर खोचून कामाला निघून गेली.

महिनाअखेर सूर्यभानजींनी मोजदाद केली. थोडक्यात वाचलेले : त्रेचाळीस! त्यांनी ती संख्या लाल शाईनं अधोरेखित केली. फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं की एक प्रत इन्स्पेक्टरकडे पाठवावी. तेवढी अक्कल नागपूरला शिकवली होती. त्यांनी प्रत पाठवली, वर 'आपला नम्र' म्हणून सही ठोकली आणि बारमाहीच्या पगारात आधी बैठकीला फरशी घालावी की गोदाबाईला शिवणयंत्र घ्यावं, याचा विचार करत घरी गेले.

आठव्या दिवशी वामनरावांनी त्यांना बोलावलं. वामनरावांच्या हातात पत्र होतं.

"सूर्यभानजी, आपल्या जिल्ह्यातल्या साऱ्या जिनांत मिळून वर्षाले किती अपघात टळतात?"

"किती जी?"

"अकरा! अन् आपल्या एका जिनात एका महिन्यात त्रेचाळीस! इन्स्पेक्टर लिहितात, हा कारखाना आहे का यमाचा दरवाजा! गुरुवारी येऊन राहिले. समाधान झालं नाही तर भर हंगामात कुलूप! दीडशे लोक घरी बसतील, समजलं? अन् तुमाले पातूरच्या बसमधी मी सोता बसवून देईन. खिडकीपाशी!"

बुधवारी सूर्यभानजींनी तातडीची सभा बोलावली. हार नाही, नारळ नाही, वही नाही. फळ्यावरची सगळी नावं पुसली.

"बाप्पाहो," ते हात जोडून म्हणाले, "उद्या साहेब विचारतील. कोनाले काही झालं नाही. कोनी कशातून वाचलं नाही. समजलं?"

"म्हंजे नारय वापस घेता का जी?" भागीरथाबाईनं विचारलं. "आमी तं चटनी केली!"

"चटणी राहू द्या तुमच्याकडे! फक्त काही झालं नाही म्हणा!"

सर्वांनी एकमुखानं कबूल केलं. दुर्गाबाईनं उठून फळ्याकडे बोट दाखवलं. सूर्यभानजींनी जन्मात पहिल्यांदा सभा आभार न मानता संपवली.

गुरुवारी सकाळी थंडी होती. गोदाबाईंनी स्वतः विणलेला लाल मफलर नवऱ्याच्या गळ्यात दोनदा गुंडाळला, तरी दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत आली.

"वीण किती सैल आहे ही! बोट जाते मधून," सूर्यभानजी कुरकुरले.

"इन्स्पेक्टर काय वीण मोजाले येऊन राहिले का? जा आता."

इन्स्पेक्टरसाहेब सडपातळ, पुण्याकडचे, आणि हसण्याची अजिबात सवय नसलेले होते. त्यांनी फॉर्म उघडला आणि पुंजाजीला पुढे बोलावलं.

"तुम्ही शिडीवरून पडता पडता वाचलात?"

"शिडी?" पुंजाजी म्हणाला. "मीनं तं शिडी कधी पाह्यलीच नाही जी!"

त्याच्या खांद्यावर शिडी होती.

"आणि गाठ पडली ती?"

"कोनती गाठ? अथी गाठी नसतेतच!"

त्याच्यामागे दोनशे गाठी रचलेल्या होत्या. साहेबांनी भुवई उचलली. सुंदराबाई म्हणाली, "या जिनात काहीच होत नाही साहेब. कामबी होत नाही!" भागीरथाबाईला स्वप्नाबद्दल विचारलं, तर ती म्हणाली की ती झोपतच नाही. बुधाजीनं म्हशीची तर ओळखच नाकारली.

साहेबांनी फॉर्म मिटला. "सुपरवायझर, एक तर हा कागद खोटा आहे, नाही तर ही सगळी माणसं. कोणतं ते तुम्हीच सांगा."

सूर्यभानजींच्या डोळ्यांपुढे पातूरची बस आणि तिची खिडकी दिसायला लागली. माणूस बुडायला लागला की सापडेल ते धरतो; सूर्यभानजींनी रेच्यांची रांग धरली.

"साहेब, कागद सोडा! डोळ्यांनी पाहा! आपल्याकडे एकूण एक पट्टा झाकलेला आहे. सैल कपड्याचा एक धागा जायचा नाही आत!" आणि ते रांगेतून उलटे चालत, हातवारे करत सांगायला लागले. "हा एक नंबर, झाकलेला! दोन, झाकलेला! तीन, चार..." झाकणांवर रुईची एवढी जाड गादी चढलेली होती की खाली काय आहे ते सूर्यभानजींनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं, आणि दुर्गाबाईची तक्रार त्या घाबरगुंडीत ते पार विसरले होते. "पाच! सहा! आणि हा पाहा, सात..."

सात म्हणताना त्यांनी हात मागे केला, आणि हाताबरोबर मफलरचं टोक गेलं.

पट्ट्यानं ते अलगद घेतलं. सूर्यभानजींची मान एकाएकी मागे ओढली गेली, टोपी उडाली, पाय टाचांवर आले. त्यांच्या तोंडून 'आ' की 'ठ' असा काहीतरी आवाज आला. साहेब दचकून मागे सरले. वामनरावांनी चक्क डोळे मिटले. पुंजाजीनं शिडी टाकली आणि ती बुधाजीच्या पायावर पडली, पण बुधाजी ओरडायचंसुद्धा विसरला.

दुर्गाबाई ओरडली नाही. तिनं हातातला कापूस खाली टाकला, भिंतीशी ठेवलेला लाकडी दांडा उचलला आणि एका फटक्यात पट्टा चाकावरून उतरवला. जणू गेला महिनाभर ती तो दांडा कुठे ठेवलाय ते रोज पाहून ठेवत होती. सात नंबर गरगरत गरगरत थांबला. गोदाबाईंची सैल वीण भराभरा उसवत गेली होती. सूर्यभानजींच्या गळ्याशी मफलरची चार बोटं पट्टी उरली होती आणि बाकी सगळी लाल लोकर चाकावर नीट गुंडाळलेली होती. आणखी दोन फेरे झाले असते तर काय झालं असतं, ते सर्वांना कळलं. सूर्यभानजी खाली बसले आणि स्वतःचा गळा चाचपून पाहायला लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"या पट्ट्याचं झाकण कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठाऊक नाही जी," सूर्यभानजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

दुर्गाबाईनं हात वर केला आणि टेबलामागच्या फळ्याकडे बोट दाखवलं.

"लावतो, बाई!" सूर्यभानजींचा आवाज फाटला. "तुमचंच नाव लावतो! पहिलं लावतो!"

"नाव नको जी," दुर्गाबाई म्हणाली. "तो फया पलटवा."

साहेब स्वतः गेले. त्यांनी फळा खिळ्यांवरून काढला आणि उलटा केला. मागं तेलकट पत्र्यावर लाल रंगात वीतभर उंचीचा आकडा होता. सात!

फिटर पंजाबरावनं सात नंबरचं ते झाकण साफ करायला काढून भिंतीला टेकवलं होतं आणि तसाच मोर्शीच्या मांडवात जाऊन बसला होता. सूर्यभानजींनी मागच्या आकड्याकडे ढुंकूनही न पाहता त्या झाकणाला रंग दिला होता, कड्यांत सुतळी ओवली होती, आणि सहा आठवडे त्याच्यापुढे उभं राहून सुरक्षेवर भाषण केलं होतं. दुर्गाबाईचं बोट सहा आठवडे बरोबर जागेवर होतं.

"बाई, तुम्ही तोंडानं का नाही सांगितलंत?" साहेबांनी विचारलं.

"सांगतलं जी. झाकन गेलं म्हटलं, बोटानं दाखवलं. पुढचं बोलाले लागली की हे म्हनत, आधी काही घडू द्या."

इन्स्पेक्टरसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले, पण ते हसणं सूर्यभानजींना सोसलं नाही. साहेबांनी तिथेच शेरा लिहिला. झाकण लागेपर्यंत फक्त सात नंबर बंद. बाकी जिन चालू. सुरक्षा सभा दर शनिवारी व्हावी; अध्यक्षस्थानी दुर्गाबाई; सुपरवायझरनं लेखणी घेऊन शेजारी बसावं आणि बाई सांगतील ते लिहावं. फॉर्मला त्यांनी हातानं एक नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं : 'होऊ शकेल.'

"आणि यांच्या बारमाहीचं काय करू?" वामनरावांनी विचारलं.

"अध्यक्षांना विचारा," साहेब म्हणाले आणि गेले.

शनिवारी सभा भरली. सात नंबरचं झाकण सात नंबरवर होतं; त्याच्यावर अजून 'थोडक्यात वाचलेले' ही अक्षरं होती, पण ती पुसायला कोणाला सवड नव्हती. फळ्याऐवजी लाकडाची एक फळी टांगली होती. दुर्गाबाई खुर्चीत बसायला तयार नव्हती, म्हणून खुर्ची बाजूला सरकवून ती खालीच बसली आणि अध्यक्षांच्या शेजारी लेखणी घेऊन सूर्यभानजीही खालीच बसले.

"पयलं नाव लिवा," दुर्गाबाई म्हणाली.

"कोणाचं?"

"थोडक्यात कोन वाचलं?"

सूर्यभानजींनी मान खाली घालून स्वतःचं नाव लिहिलं. पुंजाजीनं त्यांच्या गळ्यात हार घातला, तोही जपून, आणि दुर्गाबाईनं हातात नारळ दिला.

"आता घडलं ना?" ती म्हणाली. "बसते का जी फॉर्मात?"

दीडशे लोक असे हसले की पत्र्याचं छप्पर वाजलं. हसणं ओसरल्यावर ती वामनरावांकडे वळली. "ह्या मानसाले पातूरले धाडू नका. जिनात झाकन कुठी हाय, हे आता याच्याइतकं कोनी पाहनार नाही."

संध्याकाळी सूर्यभानजी बारमाही होऊन घरी आले. नारळ त्यांनी गोदाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"सभा चांगली झाली वाट्टे," गोदाबाई खूश होऊन म्हणाल्या. "नारळ कावून देल्ला?"

"कौतुक केलं सगळ्यांनी!"

"अन् मफलर? गुरुवारपासून पाहून राहिली, कुठी गेला मफलर?"

सूर्यभानजींनी विळा घेतला आणि नारळ सोलायला सुरुवात केली. तो नीट सोलून होईपर्यंत काहीतरी सुचेल, अशी त्यांना आशा होती. पण नारळ संपला, चटणीही झाली, आणि गोदाबाई मात्र अजून विचारतच होत्या.